प्रवाससूचना, तिसरा मसुदा

गाडी पहाटे चार वीसला रत्नागिरीत येते,
म्हणजे साधारण पाचला.
फलाट एकवरच येईल, असं स्टेशनमास्तरांनी
लेखी दिलंय, शिक्क्यानिशी.
तरी दोनवर आलीच, तर पुलाकडे बघू नका.
जागेवर थांबा. मी येते.
डब्याचं दार आणि फलाट यांच्यामध्ये
वीतभर फट आहे. वीत माझी. मोजलेली.

(मोजपट्टी माझ्या खुर्चीला कायम बांधलेली असते.
समितीत मला त्यासाठीच घेतलंय,
आणि बहुधा फोटोसाठी.)

बाहेर दाऊद मुकादमांचे चार टेम्पो असतील.
मागे चढायला जुन्या होडीच्या फळ्यांचा उतार,
त्याला सुक्या बांगड्याचा वास येतो.
दोनदा धुतला. वास तसाच आहे.
स्टेशनापासून गाव खाली, सगळी उतरणच.
ब्रेक तपासा,
तुमचे आणि दाऊदभाईंचेही.

निवास पाथरे लॉज, तळमजला, अकरा खोल्या.
न्हाणीचं दार बावीस इंच, खुर्ची पंचवीस.
'तीन इंचांनी काय होतंय?' म्हणाले पाथरे.
मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं
आणि म्हटलं, जा आत.
संध्याकाळी सुतार आला, चौकटीसकट दारं काढून गेला.
आता फुलाफुलांचे पडदे आहेत.
आंघोळ करताना कृपया गाणं म्हणावं.

ज्यांना दिसत नाही त्यांनी
लॉजच्या फाटकातून जांभ्याचा गडगा डाव्या हाताला धरावा.
दगड खरखरीत लागेल, मग एकाएकी गुळगुळीत:
तिथं शाळेची पोरं बसून बसून झिजलाय.
पुढे बेकरी, ती नाकाला कळेल.
मग फणसाची लाकडं कापणारी वखार.
करवत उजव्या कानाला आली, की तिथंच वळा, सभागृह.
करवत थांबलेली असली तर जेवणाची सुट्टी;
हाक मारा, कुणीतरी डबा टाकून येईल.

ऐकू न येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं,
की इथं हॉर्न हीच भाषा आहे,
आणि ऐकू येणारेही ती ऐकत नाहीत.

सोमवारी वीज नसते.
बॅटरीच्या खुर्च्या रविवारी रात्रीच चार्ज करा.

समुद्र शेवटच्या दिवशी, भरतीला.
ओहोटीत धक्क्याचा उतार शेवाळतो.
वाळूवर काथ्याच्या चटया टाकू, पाण्याला चाक लागेपर्यंत.
भरतीचं वेळापत्रक सोबत जोडलंय.
इथलं न चुकणारं तेवढं एकच.

आणि एक वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल,
मराठीत, मोडक्या इंग्रजीत, नुसत्या हातवाऱ्यांतही:
उचलून नेऊ की!
माणसं प्रेमळ आहेत. नाही म्हणा.
मग पुन्हा नाही म्हणा.
मी सातवीपर्यंत उचलली गेले,
शाळेच्या चौदा पायऱ्या, रोज,
शिपाई धाकटू मामांच्या खांद्यावर.
शर्टाला तपकिरीचा वास.
त्यांनी मला कधी पाडलं नाही.
कधी विचारलंही नाही.
पंधराव्या वर्षी बसल्या जागेवरून गोळा फेकला,
चार मीटर नव्वद.
तोवर वजन म्हणजे मी.
त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या हातातून सुटून
लांब जाऊन पडलं, मातीत, धप्प.

वरचा भाग गाळावा, असं शिरधनकर सरांनी
समासात लिहिलंय. 'वैयक्तिक.'
शिवाय कागद एका पानाचा.

बरं. गाळते.

पांढरे कपडे आणू नका.
जांभ्याची तांबडी धूळ चाकांना धरते,
घरी गेल्यावरही तुमच्या फरशीवर
महिनाभर रेघ ओढत राहील.

माझा नंबर खाली आहे. रात्रीही करा.
जरा जास्त वेळ वाजू द्या:
फोन खिडकीत चार्जिंगला असतो,
आणि खुर्ची पलंगाच्या दुसऱ्या बाजूला.