तीन पौंड दहा

चेस्टरला एकतीस होते. श्रूजबरीला एकतीस.
काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांच्या त्या गल्लीत
दोघीजणी आईस्क्रीमच्या रांगेत घुसल्या होत्या,
तरी एकतीस.
वन, टू, थ्री, मी डोक्यांवरून बोट फिरवते
पापड वाळत घातलेत आणि समोर कावळा बसलाय, तशी.

पर्समध्ये शाळेची निळी वही आहे.
मराठीच्या प्रत्येक शब्दाला दहा रुपये,
सहलीत दहा पेन्स.
विमानतळावर प्रिन्सिपल मॅडमनी बजावलं होतं,
तिकडे तरी साताऱ्याची लाज राखा.

कॉन्वीला उतरलो तेव्हा वारा असा
की टोप्या आपल्या आपणच परत निघाल्या.
गावाभोवतीचा तट अजून धडधाकट,
आणि तटातून बाहेर डोकावणारे, एका ओळीत,
सातशे वर्षांपूर्वीचे बारा संडास.
पोरांना राजे आठवायचे नाहीत, हे बारा आठवतील.
तन्वीर मुजावर म्हणाला, "आपल्या गडावर पण असतात की!"
पाच शब्द. पन्नास पेन्स. मी लिहून घेतलं.

वाटाड्या एमरिस. सत्तरीचा, कानात केस,
हातात छत्री, जी तो पावसातही उघडत नाही.
दरवाजात उभा राहून म्हणाला,
"हा किल्ला आमचा नाही."
पोरं गप्प.
किल्ला म्हणजे आपला,
याच्यापलीकडे कुणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.
"आम्हाला धाकात ठेवायला बांधलेला.
तटाच्या आत आमच्या लोकांना राहायची बंदी.
आता बघा, तिकिटं मीच तपासतो."

आठ बुरूज. चढलो, उतरलो, मोजलं.
थर्टी.
पुन्हा मोजलं. थर्टी.
पोटातली एक पायरी निसटली.

यशोधन शेलार.
वहीतलं त्याचं पान कोरं आहे.
मी समजत होते, गुणी पोरगा.
तो तर दोन वर्षांत बोललाच नव्हता, कुठल्याच भाषेत.

गोल जिना, झिजलेल्या पायऱ्या, भिजलेला दोरखंड.
वर बुरुजावर दोघं बसलेले,
खाली ओहोटीत चिखलावर कलंडलेल्या होड्या.
एमरिस शिकवत होता,
जीभ 'ल'ला लावतोस तशी लाव, आणि कडेनं फुंक.
ते अक्षर म्हणजे निव्वळ वारा,
आपल्या मुळाक्षरांत त्याला घर नाही.
यशोधनची थुंकी उडाली. दोघंही खिदळले.
मग याची पाळी.
"टंग मागे वळवा. टाळूला. आता सोडा. केळघर."
"केलघर."
"नो, नो. ळ."
"केडघर."
"जवळ आलं!"

मी खालून चढतानाच ओरडत आले होते,
अरे गाढवा, जीव घेतोस का माझा!
एमरिसनं सरकून मला जागा दिली.
सांगू लागला त्याच्या पणजीचं.
शाळेत वेल्श बोलली की गळ्यात लाकडाची पट्टी.
पुढचा कुणी बोलला की पट्टी त्याच्या गळ्यात.
संध्याकाळी जिच्या गळ्यात उरेल, तिला छडी.
"मास्तर वाईट नव्हते," तो म्हणाला,
"आमचं भलं व्हावं, एवढंच त्यांना वाटे."

मी पर्सची चेन ओढून घेतली.
ती उघडीच नव्हती.

बस सुरू झाली. ड्रायव्हर घड्याळ बघतोय.
मी मधल्या वाटेत उभी, एका हातानं दांडा धरून.
एक. दोन. तीन.
माना वर झाल्या.
अठ्ठावीसला अडखळले, सवय राहिली नाही.
एकोणतीस. तीस.
शेवटच्या खिडकीशी
तोंडातल्या तोंडात वारा फुंकणारा
एकतीस.

मागच्या सीटवरून तन्वीर, गणितात पक्का,
"मॅम, एकतीस शब्द. तीन पौंड दहा.
प्लस जिन्यावरचे वेगळे."

पर्स उघडली.
सुटे नव्हते.