मधे पातेलं

एस्तेर ओसाकाहून आली नाताळच्या आधीच्या बुधवारी.
बॅगेत आमच्यासाठी मोजे, नेलकटर,
आणि कागदात गुंडाळलेली समुद्राची एक काळी पट्टी,
वाळक्या चामड्यासारखी.
आईनं वास घेतला नि ती खिडकीत नेऊन ठेवली.

"आज स्वयंपाक नाही करायचा," एस्तेर म्हणाली,
"आज फक्त चिरायचं."

मिरजेच्या मंडईत मिळालं ते आणलं:
कोबी, तिकडचा लांबट असतो म्हणे, असू दे;
मुळा, गाजर, शेपूची जुडी,
मशरूमचा डबा, पाऊण किलो बिनहाडाचं चिकन.
आणि टोफू.
सोयाबीन तर आमच्या चुलत्यांच्या रानात
शेंगा हाताला टोचेपर्यंत येतं.
त्याचं असं मऊ, पांढरं, मुकं काही होत असेल
हे त्या रानालाही ठाऊक नसावं.

पाच किलोची शेगडी खोलीच्या मधोमध.
पातेल्यात पाणी, पाण्यात अर्धी पट्टी.
ती हळूहळू उलगडली, हिरवी झाली,
उकळी फुटायच्या आत एस्तेरनं काढून घेतली.
"फार वेळ राहिली की कडू करते."
आई माझ्याकडे बघून हसली,
कुठला पाहुणा आठवला कोण जाणे.

मागच्या गल्लीत कुणीतरी नव्या सतारीची तार जुळवत होतं,
तोच सूर, जरा वर, जरा खाली.

पप्पा भिंतीशी आपलं ताट घेऊन बसले.
शां. रा. आवळे, १९९१, ठोकून घातलेलं नाव.
त्या वर्षी वॉर्डातली ट्रॉली ढकलता ढकलता
त्यांच्या छातीत ते उतरलं.
नऊ महिने गोळ्या. मग डॉक्टर म्हणाले, बरे झालात,
घरात मिसळा.
ते मिसळले. ताट नाही मिसळलं.
वेगळं घासायचं, वेगळं पालथं घालायचं.
कुणी सांगितलं होतं असं नाही,
तेच उठून घासायचे.

"पप्पा, यात ताट नसतं. वाटी घ्यायची,
नि पातेल्यातून आपलं आपण उचलायचं."
"सगळ्यांनी एकातच?"
"एकातच."
"उष्टं होतंय की गं."
"उकळतंय, पप्पा."

प्रार्थना त्या दिवशी जरा लांबली.
वाफेनं त्यांचा चष्मा पांढरा झाला, पुसला नाही.
काड्यांतून मुळ्याची चकती तीनदा निसटली.
मग त्यांनी काड्या ठेवल्या,
आपला चमचा पंचाला पुसला, पुन्हा पुसला,
आणि बुडवला.
कुणी बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.

आई दोनदा सवयीनं उठली.
वाढायला काही नव्हतं, बसली.
आपल्या वाटीत कांदा-लसूण मसाला कालवून म्हणाली,
जपानला काय कळणार आहे.

शेवटी उरलेल्या रश्शात सकाळचा भात,
वर दोन अंडी फोडून.
आमच्या आटवल भाताचा लांबचा कुणी नातेवाईक.
तळाचं पप्पांनी खरवडलं.

भांडी घासताना ते ताट मला कोरडंच सापडलं.
मी ते आमच्या ताटांच्या चळतीत सरकवलं.

सकाळी त्यांनी शोधून आपल्या जागी नेलं,
चहाही आपल्याच कपात मागितला.
अर्धा झाल्यावर खिडकीकडे बघत म्हणाले,
"ती काळी पट्टी उरलीय ना अजून?"