निरंक

लकडगंजात सोनकुसऱ्यांच्या आरामशीनवर
जळक्या लाकडाला भाव नाही.
"हे कायले नेता मॅडम? पोटात कोळसा आहे याच्या,
पात्याची धार जाते."
म्हणत त्यांनी चार बोटं जाडीची चकती कापून दिली,
वर चहा पाजला.

स्कूटरवर पायांमध्ये धरून आणली ती
सेमिनरी हिल्सच्या खोलीत.
साठ नंबरचा कागद, मग एकशेवीस, मग चारशे.
घासता घासता सागाचा चामड्यासारखा वास सुटला
आणि धुळीखालून वलयं वर आली,
कुणी पाण्यात खडा टाकून
पाणी तसंच थिजवून ठेवलेलं.

सालीपासून आत मोजायचं.
दर दहाव्या वलयावर सुईनं एक टिंब,
पन्नासाव्यावर दोन. तिसऱ्या टिंबाची
वेळच आली नाही,
झाड शंभरीच्या आत पडलं,
पंधराच्या डिसेंबरात, बुडाशी हातोड्याचा शिक्का.

पाच डाग सापडले.
वणव्याच्या दिवसांत साग उघडाबोडका असतो,
पान नाही, वाढ नाही,
म्हणून आग कुठल्याच वर्षात बसत नाही,
दोन वर्षांच्या सांध्यात बसते.
तिसरा डाग सगळ्यात खोल.
त्र्याऐंशी संपलेलं, चौऱ्याऐंशी सुरू व्हायचं.
पुढे कितीतरी वर्षं दोन्हीकडून नवं लाकूड
वळत वळत आलेलं,
बोलता बोलता थांबलेल्या माणसाचे ओठ मिटावेत तसं.

मग दप्तरात गेले. जुनी रजिस्टरं, झुरळांचा वास.
वणव्यांची नोंद, कक्ष क्रमांक एकशे सत्तावीस.
मार्च: निरंक.
एप्रिल: निरंक.
मे: निरंक.
'नि'ची वेलांटी अशी ओढलेली
की वरची ओळ ओलांडून जाते.
ही वेलांटी मला पाठ आहे.
माझ्या प्रगतिपुस्तकावर, पालकाची सही या चौकटीत,
'वनिता'च्या डोक्यावर तीच छत्रीसारखी.
खाली: ग. बा. कुमरे, वनरक्षक.

सहा वर्षांची होते मी.
देवलापारच्या क्वार्टरात बाबा पहाटे आले,
एका बाजूची भुवई नाही.
चूल फुंकताना गेली, म्हणाले,
आणि आम्ही भावंडं पोट धरून हसलो.
आई हसली नाही.
ती बुटाचा तळ बघत होती,
वितळून त्याला वाळकी पानं चिकटलेली.

एवढंच. याच्यावर शोधनिबंध होत नाही.
तक्त्यात मी वर्ष लिहिलं, पेन्सिलनं.
'पुरावा' या रकान्यात: डाग.
'दप्तर' या रकान्यात त्यांचाच शब्द
माझ्या अक्षरात.
माझीही वेलांटी वर जाते, तेव्हा दिसलं.

रविवारी चकती घेऊन मानेवाड्याला गेले.
कूलर घरघरत होता, बाबा बनियनवर,
टीव्हीचा आवाज बंद.
मी काही विचारलं नाही. मांडीवर ठेवली.
त्यांनी अंगठा फिरवला, थेट तिसऱ्यावर थांबला,
तिथे बराच वेळ राहिला.

"नाल्याच्या वरच्या अंगचं असन," म्हणाले.
"तिकडं आम्ही दोघंच होतो. झनकलाल आन् मी.
फांद्यांनी झोडपत होतो.
सायबानं सांगितलं, चौकशी लागन,
दोघायचीही नोकरी जाईन."
मग कूलरकडे बघत,
"मले वाटलं होतं, ते सारं मेलं."

"नाही, बाबा. त्यानंतर बत्तीस वर्षं उभं होतं."

"बत्तीस?"

चष्मा मागितला.
काचा बनियननं पुसल्या
आणि डागापासून बाहेर, सालीच्या दिशेनं,
नखानं मोजायला लागले. एक, दोन.
सतराला चुकले.
पुन्हा पहिल्यापासून.
आईनं कूलर बंद केला.