रकाना क्रमांक सात

सोमवारी नॅकची समिती येणार,
म्हणून शनिवारी दुपारी विभागात मी एकटी.
पुढ्यात दोन हजार अकराच्या बॅचची यादी
आणि रकाना क्रमांक सात : सध्या काय करतात.
रुंदी बोटभर.
सर म्हणाले, तुमचीच बॅच आहे,
फोन करून टाका भरून.

अंबादास येमूल तिसऱ्यांदा लागला.
पाठीमागं मागांचा खडखडाट.
"टॉवेल!" तो ओरडला, "वस्त्रोद्योग लिही, बरं दिसतं."
मग थांब म्हणाला,
आणि एक माग बंद झालेला मला ऐकू आला.
"माझी सीडी असंल बघ तिथं कपाटात,
लघुप्रबंधाला लावलेली.
आजोबांची मुलाखत. मार्शल लॉ लागला
तेव्हा आठ वर्षांचे होते ते."
बघते म्हणाले.
लगेच माग सुरू झाला.

भौरम्मा बिराजदार, फौजदार. फोन शिपायानं उचलला,
मॅडम बंदोबस्तात आहेत.
नंदिनी पुण्यात, मोठ्या कंपनीत, माणसं घेते आणि काढते.
"हिस्ट्री? हो गं, होतं मला,"
म्हणाली, कावीळ होऊन गेल्यासारखं.
सुहास क्षीरसागरचा नंबर अस्तित्वात नाही.
सात वर्षं अभ्यासिकेत एकाच खुर्चीवर बसायचा;
दोन मार्कांनी गेला, एका मार्कानं गेला, मग वयानं.
नवी पोरं अजून त्या खुर्चीवर बसत नाहीत म्हणे.

रेवणसिद्ध भुईकोटाच्या दारात पहारेकरी,
पण ठेकेदाराचा. "पुरातत्त्व लिहू नको," म्हणाला,
"खोटं होतंय."
बुरुजाआड बसलेल्या जोड्यांना उठवताना
तो आधी बुरुजाचा काळ सांगतो.
"उठत्यात लगेच."

मैनोद्दीन नदाफचं झेरॉक्सचं दुकान
कलेक्टर कचेरीसमोर.
मोडी शिकलो आम्ही अकरा जण,
वाचत राहिला तो एकटा.
लोक पणजोबांचे कागद बाजाराच्या पिशवीतून आणतात,
पानाला दोनशे.
परवा दोन भाऊ आले. थोरला हळूच म्हणाला,
वडिलार्जित आहे तिथं स्वार्जित वाचा, पाच हजार देतो.
यानं वाचलं होतं तसं.
काउंटरची काच अजून चिकटपट्टीवर आहे.
"तुझं काय लिहू?"
"झेरॉक्स लिही की."

यादीत सतरावी मी.
तासिका तत्त्वावर, बारा वर्षं.
जूनमध्ये अर्ज करते, मार्चमध्ये संपते.
मावलं रकान्यात.

दिवे लागल्यावर कपाटाच्या तळाशी ती सापडली.
वाळवीनं प्रबंध खाल्लेला, सीडी सोडून.
विभागाच्या नव्या कॉम्प्युटरला
सीडी घालायला तोंडच नाही.
मैनोद्दीनकडं जुना डबा होता.
शटर अर्धं ओढून आम्ही ऐकलं :
खरखर, कुणी तरी विडीचं सूप झटकलेलं,
मग म्हाताऱ्याचं तेलुगू, सावकाश.
मला अर्धंच कळत होतं.
पेठेतून पळणारे पाय. थोरला भाऊ. एक चप्पल.
तिथं तो थांबला,
आणि बराच वेळ नुसता माग वाजत राहिला.
मग बावीस वर्षांचा अंबादास,
मी कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात :
"तर्वाता एमैंदि?"
मग काय झालं?

त्यापुढं चरा आहे.
मैनोद्दीननं फडक्यानं पुसून पाहिलं,
फुंकरही मारली.

मी अंबादासला फोन लावला
आणि काही न बोलता स्पीकरसमोर धरला.
पलीकडं एक माग थांबला.
मग दुसरा.
चार होते वाटतं त्याच्याकडं.