मिनिटाला दोन

लखवानीशेठ एका लीडमागे पन्नास दिरहम देतात,
घर खरंच रिकामं निघालं तर.
मालक सापडला, सौदा बसला, तर वर काहीतरी.
ते काहीतरी दोन वर्षांत एकदाच मिळालं,
त्यात मी चष्मा केला.

पहाटे पाचला शारजात बाहेर पडलं
की त्याच चष्म्यावर दमट साय धरते.
पुसायचा, चालायचं, पुसायचा.
समनानच्या गल्ल्या. उंच कुंपणं. भाजलेली बोगनवेल.

काय बघायचं ते आता पाठ झालंय:
गेटात खोचलेली पिझ्झ्याची पत्रकं,
ऊन खाऊन निळी पडलेली.
खजुरांचा सडा, मुंग्यांनीही सोडलेला.
गाडीवर धूळ, धुळीत बोटानं लिहिलेलं कुणाचं नाव,
त्या नावावर पुन्हा धूळ.
एसीच्या नळीखाली फरशीला पांढरा डाग,
इथे एके काळी पाणी ठिबकायचं एवढंच सांगणारा.
बाकीची पोरं एवढ्यावर फोटो काढतात
आणि पुढच्या गल्लीत वळतात.

मी मीटरपाशी जातो.
फुणगूस, कडवई, माखजन:
अकरा वर्षं वीज मंडळाची रीडिंगं घेतली मी,
तीनदा कुत्रं चावलं.
माणसं खोटं बोलत. मीटरला ती सोय नव्हती.

इथे चकती नाही, लाल ठिपका असतो.
एसी लागलेला असला की मिनिटाला पंचवीस-तीस वेळा लुकलुकतो.
नुसता फ्रिज असला तर दोनदा.
काहीच नसलं
तर तुम्ही त्याच्याकडे बघत राहता, तो तुमच्याकडे.

एकतीस नंबरला सगळं जुळलं.
पत्रकं, खजूर, डाग,
दाराला खात्याची जुनी चिठ्ठी, तिचंही एक टोक सुटलेलं.
पन्नास दिरहम मनात जमा झाले होते.
मीटर: दोन.

मागच्या बाजूला पाण्याच्या कापलेल्या कॅनमध्ये पुदिना,
दोरीवर एकच लुंगी, चार चिमटे लावलेली,
आणि दारात मोइदूट्टी, हातात झारा.
त्याला वाटलं मी खात्याचा माणूस.
मला वाटलं, तसंच वाटू द्यावं.
मग त्यानं चहा ठेवला, आणि मला ते जमेना.

"ईदपर्यंत येतो म्हणाले, कॅनडाहून."
कुठल्या ईदपर्यंत, ते विचारायचं राहून गेलं.
"पगार?"
त्यानं माझ्या कपात साखर जरा जास्त घातली.
नऊ खोल्या. सोफ्यांवर चादरी.
तो स्वयंपाकघरात झोपतो, फ्रिजला पाठ लावून,
तिथे निदान आवाज असतो म्हणाला.

"तुमचं घर?"
आहे ना. देवरुखला. तिसरा मजला, दोन खोल्या, हप्ते फिटले.
"कोण राहतं?"
किल्ली शेजारी आहे, म्हणालो,
आणि कप उगाच बशीत फिरवला.

तिथलं रीडिंग आता कोण घेतं, ठाऊक नाही.
दाराशी येत असेल, बेल वाजवत असेल,
वहीत लिहीत असेल: दा. बं.
दार बंद. सरासरी बिल.
मीही असंच लिहायचो, घाईत,
एका पायरीवर पाय, दुसरा सायकलवर.

संध्याकाळी शेठनी विचारलं, "एकतीस?"
मीटर चालू आहे.
"किती?"
प्रश्न बरोबर होता. तीस वर्षं या धंद्यात आहेत ते.
"भरपूर," म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या चष्म्याकडे पाहिलं,
आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं.

परवा पुन्हा त्याच गल्लीत होतो.
काम बत्तीस-तेहेतिसाला होतं.
पुदिना रस्त्यावरून दिसत नाही.
दोरी दिसते. रिकामी होती,
पण लुंगी वाळली की माणूस आत नेतोच.
मनगटावरचं घड्याळ मीटरसमोर धरलं.
एक मिनिट.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला.
आणखी एक.