आधी जेव

शुक्रवारी टपालवाला पाकीट टाकून गेला.
वर तालुक्याचा शिक्का, जांभळा, अर्धा पुसलेला.
आत कानडी.
अक्षरं गोल गोल, चाकावरून नुकत्या उतरलेल्या
ओल्या बोळक्यांसारखी रांगेत मांडलेली,
हात लावायची भीती वाटावी अशी.

मला बाजारापुरतं कानडी येतं.
'एष्टु' येतं, 'बेडा' येतं, भांडायला पुरेसं येतं.
वाचता येत नाही.
अमोस वाचतो, नववीत आहे, कानडी शाळेत,
पण तो गोकाकला मावशीकडे. सोमवारी येणार.
किराणावाल्याला दाखवलं असतं,
मग अख्ख्या खानापुरानं वाचलं असतं.

योनास रात्रपाळीला, कौलांच्या भट्टीवर.
"उद्या बघू" म्हणाला, डबा उचलला, गेला.
त्याचं बरंय. आगीकडे बघत बसलं
की दुसरं काही दिसत नाही.

माझं नाव मार्था.
बापानं हौसेनं ठेवलं, पुढचं वाचलं नसावं.
रात्रीतून दोनदा उठून पाकीट बघितलं,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं.
जागेचं असेल. घर उठवतील.
नाहीतर रेशन बंद.
नाहीतर सासऱ्याच्या नावचं जुनं काहीतरी.
पहाटेपर्यंत त्या एका कागदातून
मी सात कागद काढले,
सगळे मराठीत.

देवा, खरं सांगते, तुझ्यावर चिडले.
पाखरांना तू चारतोस, मान्य.
पाखरांना नोटीस येत नाही.

रविवारी आठची मराठी उपासना संपली.
दहाच्या कानडीला अजून वेळ होता.
मी बाकावर तशीच, पाकीट मांडीवर.
शेजारी नीलव्वा येऊन टेकली, ताकवाली,
पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं.
का कोण जाणे, तिच्यापुढं धरलं.
तिनं उलटं बघितलं, सुलटं बघितलं,
खिडकीच्या उजेडाला लावून बघितलं,
म्हणाली, "ओदाक बरंगिल्ल, यव्वा."
तिलाही येत नव्हतं!
तिच्याच भाषेतलं!
आम्ही दोघी तोंडाला पदर लावून
इतक्या हसलो की पाळकबाईंनी वळून बघितलं.

मग तिनं पाकिटावर हात ठेवला.
बोटांना ताकाचा वास, नखांत मीठ.
डोळे मिटून बोलायला लागली, भरभर,
बाजारात भाव करते तशी,
मधेच 'यप्पा' म्हणत,
घरातल्या बापाला म्हणतात तसं.
अर्ध्याहून जास्त मला कळलं नाही.
कळायचं कारणही नव्हतं,
ते मला सांगणं नव्हतंच.

त्या रात्री झोपले.
उत्तरबित्तर काही आलं नव्हतं,
फळीवर कागद होता तसाच होता.
फक्त पाठ टेकली तेव्हा वाटलं,
तिकडं भट्टीवर योनास जागा आहे,
आणि योनासला डुलकी लागली तरी
आणखी एकजण जागा आहे,
त्यानं हे वाचून ठेवलंय.
मग मी कशाला उठू?

सोमवारी अमोस आला, केसांत बसची धूळ.
दारातूनच, "काय गे आई, काय आलंय म्हणे?"
हात पुढं.
मी तव्यावरची भाकरी उलटली.
आधी हात धू, म्हटलं. जेव.
कागद कुठं पळत नाही.
वांग्याची भाजी आहे.