सातवा पापड

रावपुऱ्याच्या टॉवरपासून जरा पुढे
चष्म्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढलात
की 'हरसिद्ध काठियावाडी'.
घरात काही झालं की आम्ही इथे येतो.
माझी बारावी,
बाबांच्या फॅक्टरीतला शेवटचा दिवस,
नलूआत्याच्या डोळ्यावरची पट्टी निघाली ती संध्याकाळ,
वैजूचं ठरलं, ती पण.

आज वैजूचं मिटलं.
चार वर्षांच्या तारखा,
आणि शेवटची तारीख अकरा मिनिटांची.
घरी येऊन ती दोन तास झोपली.
दिवे लागल्यावर बाबा खुंटीवरची पिशवी काढत म्हणाले,
'बाहेरच जेवू या ने आज.'
हा 'ने' आमच्यात कधी शिरला कुणास ठाऊक.
तीन पिढ्या बडोद्यात;
वाक्य संपलं की तो येऊन बसतो
शेजाऱ्यासारखा, चपला न काढता.

चार वर्षांत इथे आलो नव्हतो.
कुणी तसं ठरवलं नव्हतं.
टेबल तेच, पंख्याखालचं,
एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा.
कनुभाईंचे केस तेवढे पांढरे झालेले.
त्यांनी तन्मयचा गाल ओढला,
'आटलो मोटो थई गयो!'
आणि विचारायच्या आत मांडायला घेतली ताटं.
बाबा, आई, आत्या, मी, भार्गवी, वैजू,
आणि सातवं, वैजूच्या उजव्या हाताला.
तन्मय अजून माझ्याच ताटात जेवतो.

'जमाई पाछळ आवे छे?'

आईने पाण्याचा पेला उचलला,
तो रिकामा होता, तरी ती प्याली.
आत्या मेनूकार्ड वाचायला लागली, उलटं.
बाबा म्हणाले, 'ओळो आहे का आज?'
ओळो इथे रोज असतो.
तो नसेल त्या दिवशी हॉटेल बंद असेल.

मी तोंड उघडलं होतं.
काय बोलणार होतो ते आता आठवत नाही,
काहीतरी बाहेरगावी वगैरे.

वैजूनेच मान वर केली.
'हवे नहीं आवे, कनुभाई.
एमनो पापड मने आपी दो.'

गुजरातीत म्हणाली.
मराठीत गेली चार वर्षं
तिला हे कुणापुढे म्हणता आलं नव्हतं.

कनुभाई एक क्षण थांबले.
सातवं ताट त्यांनी बगलेत धरलं,
जसं एखादं मूल उचलून न्यावं.
परत आले ते दोन पापड घेऊन,
वर कांदा, मिरची, लिंबाची फोड.
'तळेलो के शेकेलो पूछ्यु ज नहीं,' म्हणाले,
'बन्ने लाव्यो.'

मग रोटले आले, हाताला चटका देणारे,
लोणी, गूळ, लसणाची लाल चटणी.
आई म्हणाली, आपल्या भरताची चव याला नाही,
आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
भार्गवीला ठसका लागला.
तन्मयने ताकात गूळ विरघळवायचा प्रयोग केला.
वैजू खात होती.
बऱ्याच दिवसांनी ती भराभर खात होती,
कोपरं टेबलावर टेकून,
लहानपणी आई ज्यावरून ओरडायची तसं.
आई ओरडली नाही. नंतर ओरडली.

बिल आलं.
बाबांनी खिशातून पेन काढलं,
चष्मा कपाळावर, ओळीवर ओळ.
'पापड सात लावलेत. आम्ही सहा जण.'
'पण काका, आठ खाधा,' गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला.
'एक तुमच्या कनुभाईंनी आपणहून आणला.'
'तो एक काढ्योज छे ने!'
पंधरा रुपयांचा पापड.
भांडण दहा मिनिटं चाललं, अर्धं मराठी, अर्धं गुजराती,
आणि आम्हां सगळ्यांना एकदम बरं वाटायला लागलं,
बाबांना सर्वांत जास्त.

वैजू जिन्यात उभी राहून हसत होती.
मुठीत मुखवास,
दुसऱ्या हातात सँडलचा तुटलेला पट्टा.
'उद्या शिवून घेईन,' म्हणाली,
आणि एक पाय अनवाणी टाकत
खाली उतरली.